सहावी दोरी रिकामी आहे, या! – वाचकांचे प्रश्न, घंटावाल्या ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या, की मी गेली अकरा वर्षं इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये दर रविवारी मनोऱ्यातली घंटा वाजवते. त्यावर इतके मेल आले की या वेळचं सगळं पान याच विषयाला दिलंय. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, काहींचे प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, लग्न होऊन आठ महिन्यांपूर्वी मी इंग्लंडला आले. नवरा सकाळी सातला जातो तो संध्याकाळीच येतो, माझी नोकरी अजून लागायचीय, शेजारी हसतात, हवेबद्दल बोलतात आणि दार लावून घेतात. परवा चर्चच्या बोर्डावर चिठ्ठी दिसली, घंटा वाजवायला माणसं हवी आहेत, अनुभवाची गरज नाही. पण मी हिंदू, इंग्रजी जेमतेम, ओळख कुणाची नाही. मला घेतील का? की उगाच दारात जाऊन अवघडल्यासारखं होईल?

अगं, जा. खरंच जा, पुढच्या प्रॅक्टिस नाइटलाच जा.

ती चिठ्ठी कुणी सहज म्हणून लावलेली नाहीये हे आधी लक्षात घे. मनोऱ्यात सहा घंटा असतील तर सहा माणसं लागतात, एका माणसाने सहसा एकच दोरी ओढायची, एक जण आजारी पडला की एक घंटा मुकी राहते आणि ते सगळ्या गावाला ऐकू येतं. इंग्लंडमध्ये अशी वाजवायच्या घंटांची पाच हजारांवर चर्चेस आहेत आणि कितीतरी ठिकाणी घंटा आहेत पण हात नाहीत. म्हणजे तू त्यांच्याकडे काही मागायला जात नाहीयेस, त्यांना जे हवंय तेच घेऊन जातीयेस. आपण नवीन देशात आलो की सगळीकडे आपलीच गरज असते ना, बँकेत, दवाखान्यात, नोकरीच्या ऑफिसात, आणि त्यानेच माणूस आतून बारीक होत जातो. इथे उलटं आहे.

धर्माचं सांगते. पहिल्या दिवशी मी टॉवर कॅप्टनला, म्हणजे घंटावाल्यांच्या म्होरक्या बाईंना, दारातच सांगून टाकलं की मी हिंदू आहे, चालेल ना. त्यांनी मला एकच विचारलं, रविवारी सकाळी साडेनऊला येणं जमेल का? बस. आमच्या ग्रुपमध्ये नियमाने प्रार्थनेला बसणारे दोघं आहेत, बाकीचे प्रार्थनेआधी अर्धा तास घंटा वाजवतात आणि घरी नाश्त्याला जातात, काही जण तर देव मानतच नाहीत. त्या लोकांसाठी ही कला आहे, गावचं काम आहे. एखाद्या ठिकाणी तिथल्या पाद्रींचं मत वेगळं असू शकतं, म्हणून आधीच मोकळेपणाने सांगावं, मनावर ओझं राहत नाही. आणि ज्या वास्तूत आपण जातो तिचा मान ठेवायचा हे तुला मी सांगायला नको.

इंग्रजीचं तर अजिबात मनावर घेऊ नकोस. घंटा वाजत असताना कुणी गप्पा मारत नाही, सगळ्यांचे डोळे दोऱ्यांवर असतात. दहा मिनिटं वाजवायचं, मग भिंतीकडेच्या बाकावर बसायचं, दुसरे वाजवतात ते बघायचं, आणि त्या बसण्यात शेजारची आजी हळूच विचारते तुमच्याकडे पाऊस किती पडतो गं. बोलायला विषय शोधावा लागत नाही, विषय समोर लोंबत असतो! मी दोन वर्षं या देशात राहून जेवढी माणसं जोडली नव्हती तेवढी त्या एका खोलीत तीन महिन्यांत जोडली. मला फ्लू झाला तेव्हा रविवारी दुपारी दारावर टकटक, सूप घेऊन आमचा चार नंबर उभा. (आम्ही एकमेकांना नंबराने ओळखतो.) आपण गेलो नाही की कुणाला तरी चुकल्याचुकल्यासारखं वाटतं हे परक्या देशात किती मोठं असतं ते तुला आत्ता कळेल, म्हणून तुझं पत्र पहिलं घेतलं.

ओढणी मात्र घेऊन जाऊ नकोस. मोकळे केस, लोंबतं काहीही नको, मी अंबाडा घालते आणि मंगळसूत्र टीशर्टच्या आत.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा आहे, निवृत्त. मुलगा लेस्टरला असतो, आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी येतो. दिवस जाता जात नाही. घंटा म्हणे पाचशे-हजार किलोची असते, ती या वयात ओढणं झेपेल का? आणि दोरीबरोबर माणूस वर उचलला जातो असं ऐकलं, ते खरं आहे का?

काका, नमस्कार. वजनाचा आकडा तुम्ही बरोबर ऐकलात, लिव्हरपूल कॅथीड्रलमधली सगळ्यात मोठी वाजवायची घंटा तर चार टनांची आहे. पण ताकदीचं म्हणाल तर तुम्ही लहानपणी आडातून पोहरा शेंदला असेल, किंवा अंगणातल्या झोक्यावर कुणाला तरी झोके दिले असतील. झोका उंच नेताना आपण ताकद लावतो का? आपण वेळ साधतो. झोका परत येऊन क्षणभर थांबतो तेव्हाच हात लावायचा. घंटेचं नेमकं तसंच आहे.

इंग्लंडमधली पद्धत जगात वेगळी आहे, ती जरा नीट सांगते. देवळातली घंटा टांगलेली असते, आपण लोलक हलवतो. इथे आख्खी घंटाच एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते आणि वाजवण्याआधी ती हळूहळू झोके देत उलटी उभी करतात, तोंड आकाशाकडे. दोरी ओढली की ती पूर्ण गोल फिरते, एक ठोका पडतो, आणि परत तोंड वर करून क्षणभर तोलून थांबते. मग दुसऱ्यांदा ओढलं की उलट्या बाजूने गोल फिरून परत. पहिल्या ओढीला हँडस्ट्रोक म्हणतात, दुसरीला बॅकस्ट्रोक. दोरीवर एका जागी लोकरीचा जाडसर रंगीत भाग विणलेला असतो, त्याला सॅली म्हणतात, हँडस्ट्रोकला ती धरायची आणि लगेच सोडायची, ती सर्रकन छतापर्यंत जाते, तुमच्या हातात राहतं दोरीचं टोक, हात डोक्यावर ताठ. त्या वरच्या टोकाला घंटा तोलावर आलेली तुम्हाला बोटांत जाणवते. दिसत काहीच नाही हो, घंटा दोन मजले वर अंधारात, पण जाणवते. पहिल्यांदा मला ते जाणवलं त्या दिवशी मी घरी येऊन आईला फोन केला होता.

वर उचललं जाण्याचं. घंटा तोलाच्या फार पलीकडे जाऊ नये म्हणून तिला स्टे नावाची अ‍ॅश लाकडाची दांडी असते. कुणी फार जोरात ओढलं तर ती दांडी मोडते, मुद्दाम तशीच बनवलेली असते, घंटेची चौकट वाचावी म्हणून. मग घंटा थांबत नाही आणि दोरी वर खेचली जाते. त्या वेळी दोरी सोडून मागे व्हायचं, एवढा एकच नियम, आणि तो शिकवणारा पहिल्या तासालाच तुमच्याकडून घोकून घेतो. धरून ठेवणाऱ्याला इजा होते, सोडणाऱ्याला काही होत नाही. आणि सुरुवातीला शिकवणारा तुमच्या समोर उभा राहून स्वतःचे हात दोरीवर ठेवतो, आधी फक्त बॅकस्ट्रोक तुमचा, सॅली त्याची, मग उलटं, आणि दोन्ही जमले की जोडायचे. असे दहा-पंधरा तास जातात. बऱ्याच ठिकाणी शिकाऊ माणसासाठी घंटेचा लोलक बांधून ठेवतात म्हणजे गावाला त्रास नको. एकट्याने कधीच दोरीला हात लावायचा नाही, आणि कुणाच्याही सांगण्याशिवाय वर घंटांच्या खोलीत जायचं नाही, हे मात्र कडक.

गुडघ्यांचं बघा. मनोऱ्याचे जिने गोल, अरुंद, दगडी असतात आणि कठडा म्हणजे कधीकधी नुसती दोरी. पण काही चर्चेसमध्ये खाली जमिनीवरूनच वाजवतात, तसा टॉवर शोधा. डव्हज गाइड नावाची यादी आहे, त्यात प्रत्येक मनोरा, किती घंटा, वजन किती, सगळं असतं. आमच्याकडे ७८ वर्षांचे एक आजोबा ६५व्या वर्षी शिकले आणि आज मलाच सुधारतात. तुम्ही लेस्टरला असता तर लफबरा अगदी जवळ, तिथे टेलरची घंटा ओतायची फाउंड्री आहे, काकूंना घेऊन जरूर जा. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधली ग्रेट पॉल ही सोळा टनांवरची घंटा १८८१ साली तिथेच ओतलीय.

प्रश्न : मी पुण्यात शास्त्रीय गाणं शिकते. इंग्लंडच्या चर्चमध्ये घंटांवर गाण्याची चाल वाजवत नाहीत, आकडे वाजवतात असं वाचलं. आकडे कसे वाजवतात?

या प्रश्नाची मी वाटच बघत होते!

चाल का नाही वाजवत, तर घंटा जड. ती गोल फिरून यायला जवळपास दोन सेकंद घेते, तिला मध्येच थांबवून सा रे सा करता येत नाही. फार तर थोडी आधी किंवा थोडी उशिरा पाडता येते, म्हणजे ओळीत एका घराने पुढे किंवा मागे. सतराव्या शतकात इथल्या लोकांनी त्या अडचणीतूनच खेळ काढला. सगळ्यात बारीक आवाजाची घंटा एक नंबर, तिला ट्रेबल म्हणतात, सगळ्यात जड ती टेनर. बारीककडून जडकडे ओळीने वाजवलं की झाले राउंड्स, १ २ ३ ४. आता प्रत्येक ओळीत शेजारच्या शेजारी अदलाबदल करायची आणि एकही ओळ पुन्हा येऊ द्यायची नाही. चार घंटांवर लिहून दाखवते, कागद घेऊन बस :

१ २ ३ ४
२ १ ४ ३
२ ४ १ ३
४ २ ३ १
४ ३ २ १
३ ४ १ २
३ १ ४ २
१ ३ २ ४
१ २ ३ ४

एक नंबरवर बोट ठेवून खाली ये. दर ओळीला एक घर मागे सरकतो, शेवटच्या घरात एक ओळ जास्त थांबतो, मग तसाच पुढे येतो. बाकीच्या तिघांची वाटही तशीच, फक्त सुरुवात वेगळी. याला प्लेन हंट म्हणतात, नवीन माणसाचा हा पहिला धडा. पण चार घंटांच्या ओळी होतात २४ आणि इथे झाल्या ८, उरलेल्या मिळवायला मध्ये ठरलेली वळणं घालतात, त्यालाच मेथड म्हणतात, प्लेन बॉब, ग्रँडसायर, केंब्रिज अशी त्यांची नावं. पाच घंटांच्या १२०, सहांच्या ७२०, सातांच्या ५०४०. आणि समोर कागद ठेवायचा नाही, सगळं पाठ.

आता तुला ५०४० आकडा ओळखीचा वाटला का? गुरुजींनी मेरुखंडाचे पलटे, म्हणजे तेच स्वर क्रम बदलबदलून गायचा सराव, दिले असतील तर वाटायलाच हवा. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकर लिहिला, त्यात सात स्वरांच्या क्रमांचे ५०४० प्रकार मोजलेत आणि कितवा क्रम कुठला हे काढायला खंडमेरूचा तक्ता दिलाय. आणि इकडे नॉर्विच शहरात सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ ला आठ जणांनी सात घंटांचे तेच ५०४० क्रम, आठवी दर ओळीच्या शेवटी ठेवून, एकही न चुकवता एका बैठकीत वाजवले, तीन तासांहून जास्त. एकमेकांची गंधवार्ता नसताना. मला हे कळलं तेव्हा मी मनोऱ्यात सगळ्यांना वहीत तक्ता काढून दाखवला, आमच्या कॅप्टन बाईंनी ते पान फाडून घेतलं आणि भिंतीवर लावलं, अजून आहे.

पाच हजार किंवा जास्त ओळींच्या अशा बैठकीला पील म्हणतात, साडेबाराशेच्या आसपासची ती क्वार्टर पील, पाऊण तासाची. आठही घंटांचे सगळे ४०,३२० क्रम एका बैठकीत एकदा वाजवले गेलेत, १९६३ च्या जुलैत, लफबराच्या त्या फाउंड्रीतच. १७ तास ५८ मिनिटं, तेच आठ जण, कुणी बदली नाही, कुणी मध्ये थांबायचं नाही. गाणाऱ्या मुलीला रियाज म्हणजे काय ते मी वेगळं सांगत नाही.

गाण्याचा कान असेल तर फायदाच, पण आमच्यातले कितीतरी जण सूर न कळणारे आहेत, त्यांना लय कळते आणि तेवढं पुरतं.

प्रश्न : फी किती? नंतर सगळे पबमध्ये जातात म्हणे, आम्ही पीत नाही आणि शाकाहारी. अकरा वर्षांच्या मुलाला पाठवावं का? बायकांना शिकवतात का?

फी बहुतेक ठिकाणी नाहीच, संघटनेची वर्षाची थोडीशी वर्गणी असते. पबमध्ये लेमनेड आणि चिप्स घेऊन बसा, कुणी विचारतसुद्धा नाही, मी अकरा वर्षं तेच करतेय, पण पबला जाच, ओळखी तिथे मुरतात. अकरा वर्षांचं वय उत्तम, मुलं आपल्यापेक्षा पटकन शिकतात, त्याच्याबरोबर तुम्हीही शिका ना. बायकांचं म्हणाल तर त्यांचा स्वतंत्र गिल्ड १९१२ मध्येच निघाला, आज आमच्या आठांत पाच बायका आहेत.

प्रश्न : आम्ही पुणेकर. इंग्लंडला जाणं होणार नाही. इथे काही करता येईल का?

तुमच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चच्या उंच मनोऱ्याकडे कधी मान वर करून पाहिलंय? तोच पंचहौद मिशन, जिथे १८९० मध्ये टिळक, रानडे चहा प्यायले आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटल्याचा मोठा वाद, झालं. त्या मनोऱ्यात टेलरच्या फाउंड्रीतल्या आठ घंटा आहेत, याच गोल फिरवून वाजवायच्या पद्धतीच्या. आधी चर्चच्या ऑफिसात विचारा आणि त्यांच्या सोयीने बघायला जा.

शिकायचं तर दोन वाटा आहेत. एक हातातल्या घंटा, प्रत्येकाच्या दोन हातांत दोन, तीन मित्र जमले की सहा घंटा झाल्या, दिवाणखान्यात बसून वर लिहिलेल्यासारखीच आकड्यांची अदलाबदल वाजवायची. दुसरी वाट म्हणजे रिंगिंग रूम. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मनोरे बंद झाले तेव्हा तयार झालं, फुकट आहे, घरोघरचे लोक कॉम्प्युटरचं बटण दाबून एकत्र घंटा वाजवतात. त्यात दोरीचा तोल कळत नाही, ते मनोऱ्यातच, पण ओळी पक्क्या होतात. आम्ही त्या वर्षात दर मंगळवारी तिथे भेटायचो आणि खरं सांगते, त्यानेच आम्हाला सावरलं. तुम्ही तिघंचौघं जमवा, वेळ कळवा, आमची मंडळी तुमच्याबरोबर आनंदाने बसतील, वेळेचा फरक आम्ही सांभाळू.

आणि चर्चची घंटा आपल्याला परकी नाहीच मुळी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्याकडे आल्या, मेणवलीला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, अजून आहेत. माझी आजी नाशिकची, कुणी मोठ्याने बोललं की म्हणायची, काय नारोशंकराची घंटा आहे ही!

प्रश्न : ताई, मी तीन महिने जातेय. एकटीने घंटा सांभाळता येते पण सगळ्यांबरोबर राउंड्स वाजवताना माझा ठोका दुसऱ्यावर आदळतो. कुणी काही बोलत नाही, उलट वेल डन म्हणतात, त्यानेच जास्त वाईट वाटतं. मी त्यांची प्रॅक्टिस बिघडवतेय. सोडून देऊ का?

नको सोडूस. तुझं पत्र वाचून मला माझा चौथा महिना आठवला. एका मोठ्या मनोऱ्यात आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो, कुठल्या ते नको, आणि तिथल्या एका माणसाने सगळ्यांसमोर माझ्या हातातून दोरी काढून घेतली. मी बाहेर येऊन थडग्यांच्या मधल्या बाकावर बसून रडले. आमची कॅप्टन मागोमाग आली, शेजारी बसली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मला सहा महिने लागले होते, आणि आज तू नसतीस तर आपण पाचच होतो.

तुझी अडचण मला कळतेय, तू तुझ्या घंटेकडे लक्ष देतेयस. तीन महिन्यांत हेच होतं, चूक नाही. आता दोन गोष्टी कर. एक, ज्याच्या मागून तुला वाजवायचंय त्याच्या सॅलीकडे बघू नकोस, त्याच्या हातांकडे बघ, त्याचे हात खाली निघाले की तुझे निघाले. दुसरं, वाजवताना मनात मोठ्याने मोज, एक दोन तीन चार पाच सहा, आणि तुझ्या आकड्याला तुझा ठोका ऐकू येतो का ते शोध. बॅकस्ट्रोकला बहुतेकांचा उशीर होतो कारण हात पूर्ण वर गेलेले नसतात, दोरीच्या टोकाची पकड दोन बोटं वर-खाली करून बघ, नेमकी किती ते तुझ्या शिकवणाऱ्याला विचार, तो बाजूला उभा राहून एका मिनिटात सांगेल. आणि त्याला माझ्यासाठी पाच मिनिटं फक्त राउंड्स ठेवा असं स्पष्ट सांग. ते संकोचाने विचारत नाहीत, तू विचारत नाहीस, असेच महिने जातात.

ते वेल डन खोटं नसतं गं. त्यांनी तुझा गेल्या आठवड्याचा ठोका ऐकलेला असतो, तू फक्त आजचा ऐकतेस.

एक दिवस असं होईल, बहुतेक कुठल्यातरी साध्या पावसाळी प्रॅक्टिसला, की ट्रेबलवाली नेहमीसारखी हाक देईल, लुक टू, ट्रेबल्स गोइंग, शीज गॉन. (घंटेला इथे शी म्हणतात, आपल्यासारखीच बाईमाणूस.) तू सॅली ओढशील आणि सहाच्या सहा ठोके मण्यांसारखे सारख्या अंतरावर पडतील, एक ओळ, दोन ओळी, दहा ओळी, आणि तुझ्या लक्षात येईल की तू मोजणं कधीच थांबवलंयस. समोरचा चार नंबर तुझ्याकडे बघून नुसती मान हलवेल. मला त्याच रात्री लिही.